नहेम्याचा तट आणि सावकारांची सभा

पुढारीपणाची हाव पुष्कळांस असते. पुढारीपणाचें ओझें मात्र फार थोड्यांस पेलतें. सभेंत उच्चासन मिळालें, गळ्यांत हार पडला आणि वर्तमानपत्रांत नांव छापून आलें, म्हणजे आपण पुढारी झालों, असें मानणाऱ्यांची वाण कोणत्याही काळीं नव्हती व आजही नाहीं. अशा स्थितींत खऱ्या पुढाऱ्याची पारख कशावरून करावी, हा प्रश्न सुज्ञ नागरिकांपुढें वारंवार उभा राहतो. त्याचा विचार करितांना आज आम्ही वाचकांचें लक्ष यहुदी व ख्रिस्ती ह्या दोन्ही धर्मांच्या शास्त्रांत आलेल्या एका पुरुषाकडे वेधूं इच्छितों. त्याचें नांव नहेम्या. तो संदेष्टा नव्हता, चमत्कार करणारा नव्हता, कीं राजवंशांत जन्मलेलाही नव्हता. परक्या बादशहाच्या पदरीं असलेला तो एक नोकर होता. एका उद्ध्वस्त शहराचा तट त्यानें ५२ दिवसांत उभा केला, एवढीच त्याची सामान्य ख्याति आहे. आमच्या मतें त्याचें खरें कर्तृत्व तटाच्या दगडांत नसून, तटाचें काम चालू असतां त्यानें भरविलेल्या एका सभेंत आहे. ज्या धर्माचा ग्रंथ, त्या धर्माच्या लोकांनींच तो वाचावा, असें आम्ही मानीत नाहीं. शहाणपणास सोंवळेंओंवळें नसतें. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सबंध बायबल मराठींत आणण्यासाठीं आपल्या आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचलीं. तेव्हां हा वृत्तांत मराठी वाचकांस परका राहण्याचें कारणही नाहीं.

प्रथम प्रसंग काय होता तें सांगितलें पाहिजे. ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ह्यानें यरुशलेम शहर जिंकून तेथील मंदिर जाळलें, तट पाडला, आणि प्रतिष्ठित लोक व कारागीर ह्यांस कैद करून आपल्या मुलखांत नेलें. पुढें ख्रिस्तपूर्व ५३९ मध्यें इराणचा बादशहा कोरेश ह्यानें बाबेल घेतलें व यहुद्यांस स्वदेशीं परतण्याची मुभा दिली. परतलेल्यांनीं ख्रिस्तपूर्व ५१६ च्या सुमारास मंदिर पुन्हां उभें केलें; परंतु तट तसाच पडून राहिला. ज्या शहरास तट नाहीं त्यास त्या काळीं शहर म्हणून किंमत नसे. चोर, दरोडेखोर व शेजारचे अंमलदार ह्यांस तेथें रान मोकळें. अशा स्थितींत आणखी सत्तर वर्षें गेलीं. सर्वांस तट पडलेला दिसत होता; त्याच ढिगाऱ्यांवरून लोक रोज ये-जा करीत होते; परंतु तो उचलण्यास कोणी वांकत नव्हता.

नहेम्या त्या वेळीं दूर इराणांत, शूशन येथील राजवाड्यांत, बादशहा अर्तहशश्त ह्याचा प्यालेबरदार होता. बादशहाच्या हातीं मद्याचा प्याला देणें हें काम ऐकावयास हलकें वाटतें. परंतु ज्या दरबारांत विषाची धास्ती नित्याची, तेथें ही जागा अत्यंत विश्वासाची असे. त्याचा भाऊ हनानी यहुदा प्रांतांतून आला व तेथील दुर्दशा त्यानें सांगितली. ती ऐकून नहेम्या रडला, त्यानें उपास केले, प्रार्थना केली. त्या प्रार्थनेंत एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. राष्ट्राच्या अपराधांचा पाढा वाचतांना त्यानें दोष दुसऱ्यांच्या माथीं मारला नाहीं. आपण स्वतः व आपलें घराणें ह्यांस त्यानें अपराध्यांतच मोजलें. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

ह्यानंतर सुमारें चार महिने तो स्वस्थ राहिलेला दिसतो. परंतु तें स्वस्थपण आळसाचें नव्हतें. ख्रिस्तपूर्व ४४५ च्या वसंतांत बादशहानें त्याचा उतरलेला चेहरा पाहून कारण विचारलें, तेव्हां तो मनांतून फार भ्याला, असें तो स्वतःच लिहितो. तरी बोलतांना गोंधळला नाहीं. किती दिवसांची रजा पाहिजे, हें त्यानें मुदतीसह सांगितलें. वाटेंतील सुभेदारांच्या नांवें परवाने मागितले. वेशींच्या दारांस व तटास लांकूड लागेल, म्हणून बादशाही वनाचा अधिकारी आसाफ ह्याच्या नांवानें निराळें पत्र मागून घेतलें. ज्यास आपल्या कामास किती दिवस लागतील, कोणाची परवानगी लागेल व लांकूड कोठून मिळेल हें ठाऊक आहे, त्याच्याच कळवळ्यास कांहीं अर्थ आहे. हिशेबावांचूनचा कळवळा व्यापारांत जसा बुडवितो, तसाच सार्वजनिक कामांतही बुडवितो.

यरुशलेमेस पोंचल्यावर त्यानें पहिले तीन दिवस कोणापाशीं अवाक्षर काढलें नाहीं. एके रात्रीं थोडीं माणसें बरोबर घेऊन तो खोऱ्याच्या वेशीनें बाहेर पडला व पडलेल्या तटाची त्यानें स्वतः पाहणी केली. एके ठिकाणीं ढिगारा इतका होता कीं, त्याच्या जनावरास पाऊल टाकण्यास जागा मिळेना. पाहणी झाल्यावर मगच त्यानें अधिकाऱ्यांस व लोकांस एकत्र करून आपला विचार सांगितला. आमच्याकडे बहुधा उलटा क्रम दिसतो. आधीं कोनशिला बसते, मग भाषणें होतात, नंतर मंडळी नेमली जाते, आणि जागा प्रत्यक्ष पाहण्याचें सर्वांत शेवटीं, कधीं कधीं मुळींच, घडत नाहीं.

कामाची वांटणी त्यानें कशी केली हें पाहण्यासारखें आहे. तटाचे चाळीसच्या सुमारास भाग पाडून ते निरनिराळ्या कुळांस, गांवांस व धंदेवाल्यांस नेमून दिले होते. प्रमुख याजक एल्याशीब ह्यानें आपल्या याजकबंधूंसह मेंढरांची वेस बांधली. सोनारांनीं व अत्तरें करणारांनीं नेहमींचीं नाजूक हत्यारें बाजूस ठेवून दगड उचलले. व्यापाऱ्यांनींही आपला भाग पुरा केला. शल्लूम नांवाचा एक अधिकारी आपल्या मुलींसह कामावर होता, अशी स्पष्ट नोंद आहे. म्हणजे स्त्रियांचे हातही त्या तटास लागले. ज्या वेशींतून शहराची घाण बाहेर जाई, त्या उकिरड्याच्या वेशीची दुरुस्ती मल्कीया नांवाच्या एका प्रांताधिकाऱ्यानें केली. घाणीच्या दाराचें काम हलक्या मानलेल्या लोकांवर ढकलण्याची संवय ज्या समाजास जडली आहे, त्यानें ही एक ओळ तरी मनांत सांठवून ठेवावी. पुष्कळांस तर आपापल्या घरासमोरचाच भाग दिला होता. घरापुढची भिंत कच्ची बांधून कोणाचें चालेल? स्वार्थ आणि परार्थ ह्यांची सांगड घालण्याची ही युक्ति नगरपालिकांच्या कारभाऱ्यांनीं शिकण्यासारखी आहे. आणि ज्यांनीं काम केलें नाहीं त्यांचीही नोंद राहिली: तकोवा गांवच्या सामान्य लोकांनीं दोन भाग बांधले, परंतु त्याच गांवच्या बड्या लोकांनीं खांदा दिला नाहीं. अडीच हजार वर्षांनंतरही तो शेरा त्यांच्या नांवापुढें कायम आहे.

शत्रूंचा विरोध झाला नाहीं असें नाहीं. शोमरोनाकडील सनबल्लट, अम्मोनी तोबीया व अरबी गेशेम ह्यांनीं प्रथम थट्टा केली. कोल्हा चढला तरी असला तट कोसळेल, असें तोबीया म्हणाला. थट्टेनें भागेना तेव्हां हल्ल्याची धमकी आली. नहेम्यानें अर्धी माणसें कामावर व अर्धी भाल्यांसह पहाऱ्यावर ठेविलीं, आणि तुतारी वाजविणारा आपल्याजवळ बाळगला. पुढें चर्चेच्या मिषानें त्यास ओनोच्या मैदानांत चार वेळां बोलाविलें. हातचें काम टाकून येतां येत नाहीं, असें त्यानें चारही वेळां कळविलें. पांचव्या वेळीं, हा राजा होऊं पाहतो, असा आरोप करणारें उघडें पत्र आलें, म्हणजे तें वाटेंत सर्वांनीं वाचावें! त्यासही तो बधला नाहीं. ही सारी कथा मुख्यतः नहेम्यानेंच लिहिलेली आहे, आणि स्वतःच्या कामाचा साक्षीदार स्वतः असेल तर थोडी सावधगिरी बाळगणें योग्य. तथापि ह्या मंडळींतील सनबल्लट हा कल्पित पुरुष नव्हे. इजिप्तांत नाईल नदींतील एलिफंटाइन बेटावर सांपडलेल्या अरामी कागदपत्रांत ख्रिस्तपूर्व ४०७ चें एक पत्र आहे; त्यांत शोमरोनाचा सुभेदार म्हणून त्याचें नांव व त्याच्या दोन मुलांचा उल्लेख आला आहे.

आतां आम्ही मूळ मुद्द्यास येतों. काम जोरांत चाललें असतां एके दिवशीं मोठी ओरड उठली. आणि ती शत्रूंविरुद्ध नव्हती. गरीब स्त्रीपुरुषांनीं आपल्याच जातभाईंविरुद्ध गाऱ्हाणें मांडलें. कोणी म्हणाले, घरांत खाणारीं तोंडें फार, धान्य नाहीं. कोणी म्हणाले, दुष्काळांत धान्यासाठीं शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण पडलीं. कोणी म्हणाले, बादशहाचा सारा भरण्यास कर्ज काढलें, आणि आतां मुलेंमुली दास्यांत द्यावीं लागत आहेत. कित्येक मुली गेल्याही. त्यांस सोडवावें तर शेतें दुसऱ्यांच्या हातीं. आमचें रक्त व आमच्या भाऊबंदांचें रक्त एकच ना, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे एकीकडे गरीब माणूस सर्वांच्या रक्षणासाठीं तटावर दगड वाहत होता, आणि दुसरीकडे तटाच्या आंतच त्याचें घर त्याच्या हातून जात होतें.

अशा वेळीं साधारण पुढारी काय सांगतो, हें आपणांस पाठ आहे. शत्रु दाराशीं आहे, ही वेळ घरच्या भांडणाची नव्हे. आधीं तट होऊं द्या, मग तुमचें पाहूं! राष्ट्रकार्याच्या नांवाखालीं दुबळ्यांचीं गाऱ्हाणीं पुढें ढकलण्याची ही रीत फार जुनी आहे व अद्याप जिवंत आहे. नहेम्यानें ती पत्करली नाहीं. तो संतापला, परंतु संतापाच्या भरांत लगेच बोलला नाहीं, आधीं मनाशीं विचार केला, असें तो लिहितो. मग ज्यांच्या पाठिंब्यावांचून तट पुरा होणें कठीण, त्याच श्रीमंतांस व अधिकाऱ्यांस त्यानें तोंडावर दोष दिला आणि त्यांच्याविरुद्ध मोठी सभा भरविली. परक्यांस विकलेले आपले बांधव आम्हीं यथाशक्ति पैसे भरून सोडवून आणले, आणि तुम्ही त्यांसच पुन्हां विकावयास काढतां काय, असें त्यानें विचारलें. सभेंत कोणास उत्तर सुचेना.

ह्यापुढें तो जें बोलला त्यांत त्याचें मोठेपण आहे. आपण, आपले भाऊ व आपले चाकरही ह्याच लोकांस पैसा व धान्य कर्जाऊ देत आहों, असें त्यानें भर सभेंत कबूल केलें. आणि आपण सर्वांनींच ही वसुली सोडून द्यावी, असें म्हटलें. तुम्ही सोडा, असें नव्हे. आपण सोडूं, असें. शूशन येथील प्रार्थनेंत स्वतःस अपराध्यांत मोजणारा मनुष्य सावकारांच्या सभेंतही स्वतःस वगळीत नाहीं, हा त्याच्या वागण्यांतील एकसूत्रीपणा. मग त्यानें मागणी केली ती मोघम नव्हती. शेतें, द्राक्षमळे, जैतुनांचे बाग व घरें आजच्या आज परत करा. पैसा, धान्य, द्राक्षारस व तेल ह्यांवर घेतलेला शंभरावा हिस्साही परत द्या. हा शंभरावा हिस्सा पुष्कळ अभ्यासकांच्या मतें महिन्याचा होता. म्हणजे आपल्या पेढ्यांच्या भाषेंत दरमहा दरशेकडा एक. सावकारांनीं होकार दिला. त्या होकारावर विसंबून न राहतां त्यानें याजकांस बोलावून तेथेंच शपथा घेवविल्या, आणि आपल्या वस्त्राचा ओंचा झाडून, वचन मोडणारा असाच झाडला जाईल, असें सर्वांस बजाविलें.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांचा गैरसमज होऊं नये म्हणून येथें दोन शब्द स्पष्ट लिहितों. व्याज घेणें हाच अपराध, असें आमचें म्हणणें नाहीं. भांडवलावांचून व्यापार नाहीं, आणि भांडवल फुकट मिळत नाहीं. परंतु माल भरून नफा काढण्यासाठीं घेतलेलें कर्ज निराळें, आणि पोटासाठीं किंवा सारा भरण्यासाठीं घेतलेलें कर्ज निराळें. पहिल्यांत दोन व्यापारी समोरासमोर बसतात; दुसऱ्यांत एक बसलेला व दुसरा गुडघे टेंकलेला असतो. हा भेद यहुदी धर्मशास्त्रानें ओळखला होता. परक्यापासून व्याज घेण्यास त्यानें मोकळीक ठेवून बांधवापासून घेण्याची मनाई केली. आपल्या धर्मशास्त्रांतील दामदुपटाच्या नियमानेंही, एके वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करूं नये, अशी मर्यादा घातली होती. मर्यादा पोथींत राहिली आणि ती पाळणारा पुढारी सावकारांतून उठला नाहीं, म्हणजे काय होतें, हें आपल्या प्रांतानें १८७५ सालीं पाहिलें. त्या वर्षीं १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला व पुणें-नगरकडील पुष्कळ गांवांत पसरला. लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. चौकशी झाली आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. यरुशलेमेंत जें एका सभेनें साधलें, त्यासाठीं येथें आग लागावी लागली. महाराष्ट्रांत सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा २०१४ सालचा आहे. आणि आतां सावकार पेढीवरच बसतो असेंही नाहीं, तो हातांतल्या मोबाइलमधूनही कर्ज देतो. यंत्र नवें असलें तरी गुडघे टेंकलेला माणूस तोच आहे.

नहेम्यास हें धाष्टर्य कोठून आलें? त्याचे हात स्वच्छ होते, म्हणून. तो यहुदाचा सुभेदार म्हणून १२ वर्षें राहिला. पूर्वीचे सुभेदार लोकांपासून अन्न, द्राक्षारस व वर ४० शेकेल रुपें उकळीत, आणि त्यांचे चाकरही लोकांवर तोरा मिरवीत. नहेम्यानें हक्काचा भत्ताही घेतला नाहीं, कारण लोकांवर आधींच ओझें भारी होतें. त्याच्या पंक्तीस १५० माणसें असत. रोज एक बैल, सहा निवडक मेंढरें व कांहीं पक्षी लागत. एवढा खर्च स्वतः सोसण्याइतका तो संपन्न होता हें उघड आहे, आणि प्रत्येक पुढाऱ्यानें पगार सोडावा असा आमचा आग्रह नाहीं. परंतु त्याच्या वृत्तांतांत आणखी एक लहानसें वाक्य आहे, तें प्रत्येकास लागू पडतें: आपण शेत विकत घेतलें नाहीं, असें तो नमूद करतो. दुष्काळांत जमिनी कवडीमोलानें विकल्या जात असतां, सत्ता हातीं असून ज्यानें बिघाभर जमीन घेतली नाहीं, त्यासच सावकारांपुढें उभें राहण्याचा अधिकार पोंचतो.

तट ५२ दिवसांत पुरा झाला. त्यानंतर पाणवेशीसमोरच्या चौकांत स्त्रीपुरुषांचा मोठा समुदाय जमला, एज्रा शास्त्र्यानें धर्मशास्त्र मोठ्यानें वाचलें, आणि सर्वांस अर्थ कळावा म्हणून लेवी लोकांनीं त्याची फोड करून सांगितली. मंदिराच्या गाभाऱ्यांत नव्हे, भर चौकांत. केवळ पंडितांपुढें नव्हे, बायाबापड्यांपुढें. पुढें एकदां तो बादशहाकडे जाऊन परतला, तेव्हां मंदिराच्या कोठारांत तोबीयाचें बिऱ्हाड थाटलेलें, आणि वांटा न मिळाल्यामुळें सेवक शेतांवर निघून गेलेले, असें त्यास आढळलें. त्यानें तोबीयाचें सामान बाहेर फेंकलें व कोठारावर एक याजक, एक लेखक व एक लेवी असे निरनिराळ्या वर्गांतले विश्वासू लोक मदतनिसासह नेमले. शब्बाथाच्या दिवशीं सोर येथील मासळीवाले व इतर व्यापारी बाजार भरवीत, तोही त्यानें वेशी लावून बंद केला. शनिवारीं काम न करण्याची ही चाल आपल्या कोंकणासही अपरिचित नाहीं. तेथील बेने-इस्रायल लोक तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवार तेली हें नांव पडलें.

इतकी स्तुति केल्यावर त्याचा दोष झांकणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. अश्दोदी, अम्मोनी व मवाबी स्त्रियांशीं लग्नें केलेले यहुदी त्यास आढळले. त्यांचीं अर्धीं मुलें यहुदी भाषा बोलत नव्हतीं. तेव्हां त्यानें त्यांस शिव्याशाप दिले, कित्येकांस मारलें व त्यांचे केंस उपटले. लहान समाजाची भाषा व धर्म बुडेल ही त्याची भीति आम्ही समजूं शकतों. परंतु सावकारांशीं बोलतांना ज्यानें आधीं मनाशीं विचार केला, त्यानें ह्या वेळीं तो केला असें दिसत नाहीं. त्याच शास्त्रांत रूथ नांवाच्या एका मवाबी स्त्रीची कथा आहे. ती परकी सून आपल्या सासूस अंतर न देतां यहुद्यांत आली, आणि दावीद राजा तिचा पणतू. ज्या शास्त्रानें रूथेस आपलें म्हटलें, त्याच्याच अभिमानानें नहेम्यानें लोकांचे केंस उपटावे, ह्यापरतें दुर्दैव कोणतें? बाहेरच्या शत्रूसाठीं बांधलेला तट मनांतही बांधला गेला, म्हणजे असें होतें. सुधारकानें थोर पुरुषाचें अनुकरण करावें तें निवडून करावें. सबंध मूर्ति डोक्यावर घेऊन नाचूं नये.

आतां नगरपालिकेची निवडणूक असो, व्यापारी मंडळाची असो कीं एखाद्या पतपेढीची असो, आपल्यापुढें जो हात जोडून उभा राहील, त्यास आमच्या वाचकांनीं चार प्रश्न विचारावे. बोलण्यापूर्वीं तूं जागा पाहिलीस काय? आपल्याच वर्गाच्या लोकांस तोंडावर दोष देण्याची वेळ आली, तेव्हां तूं काय केलेंस? त्या दोषांत स्वतःस धरलेंस कीं वगळलेंस? आणि लोक अडचणींत असतां तूं कोणाची जमीन घेतलीस? ह्या प्रश्नांचीं उत्तरें भाषणांत मिळत नाहींत; तीं तलाठ्याच्या दप्तरांत, संस्थेच्या हिशेबाच्या वह्यांत व शेजाऱ्यांच्या तोंडीं मिळतात. तेथें जाऊन तीं पाहण्याचे श्रम मात्र मत देणारांनीं स्वतः घेतले पाहिजेत.